ऐपत नसताना हात सैल का सुटतो?

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची दुकानं फोडली, वह्या आणि कर्जखतं जाळली. ‘कुणबी लग्नात उधळतो म्हणून बुडतो’ ही समजूत तेव्हा सरकारदरबारी पक्की होती. या दंगलींच्या चौकशीसाठी नेमलेल्या दख्खन दंगल आयोगाने ती खोडून काढली. लग्नाचा खर्च ऐपतीबाहेरचा असतो हे आयोगाने मान्य केलं. पण लग्न क्वचित निघतं, आणि धान्य, बियाणं, बैल, शेतसारा यांसाठी पुन्हा पुन्हा काढलेली किरकोळ कर्जंच जास्त फुगतात, असं नोंदवलं. एवढा स्पष्ट निर्वाळा मिळूनही उधळेपणाचा ठपका पुसला गेलेला नाही.

तरी त्या एका दिवशी हात सैल सुटतो तो का? १८९९ मध्ये अमेरिकेत अर्थतज्ज्ञ थॉर्स्टिन व्हेब्लेनने दिखाऊ खर्चाची मीमांसा केली: संपत्ती नुसती असून भागत नाही, ती चारचौघांना दिसावी लागते. अर्थतज्ज्ञ जेम्स ड्यूझेनबेरीने १९४९ मध्ये दाखवलं की घरखर्च आजूबाजूच्यांच्या राहणीवरून ठरतो, आणि मिळकत घटली तरी तो तितका खाली येत नाही. कर्ज साचतं ते इथेच. माणूस आपल्यासारख्यांशीच स्वतःला ताडून पाहतो, हे मानसशास्त्रज्ञ लिओन फेस्टिंगरने १९५४ मध्ये मांडलं. उद्योगपतीचा बंगला सलत नाही, भावकीतल्याचा नवा स्लॅब सलतो.

लग्नाचं कोडं ब्लॉक, राव आणि देसाई या संशोधकांच्या २००४ च्या अभ्यासाने बरंच उकललं. कर्नाटकातल्या खेड्यांत मुलगी परगावी दिली की समारंभावर जास्त खर्च होतो, कारण नवरदेवाचं घराणं गावाला माहीत नसतं. सोयरीक किती तोलामोलाची आहे, हे मग मांडवावरून जोखलं जातं. याला अडाणीपणा म्हणणं अन्यायाचं आहे.

शेजाऱ्याचा परिणाम मोजणं मात्र अवघड होतं. एका गल्लीतली घरं मुळातच सारख्या मिळकतीची असतात, त्यामुळे कोण कुणाचं पाहून घेतो ते कळत नाही. नेदरलँड्समधल्या पोस्टकोड लॉटरीमुळे ही अडचण सुटली. तिथे एका पोस्टकोडमध्ये साधारण वीसेक घरं. अभ्यासाच्या काळात दर आठवड्याला एक कोड निघायचा. त्यातल्या तिकीटधारकांना रोख रक्कम, त्यांच्यातल्या एकाला शिवाय नवी बीएमडब्ल्यू गाडी, बाकीच्यांना काहीच नाही. २०११ च्या अभ्यासात दिसलं की गाडी लागलेल्या बहुतेकांनी तिचे पैसे करून घेतले. पण विजेत्यांना खेटून राहणाऱ्या, तिकीटच न काढलेल्या घरांचा गाडीवरचा खर्च इतरत्रच्या अशाच घरांपेक्षा ठळकपणे जास्त निघाला.