व्हॉल्व्ह कुठल्या धातूचा? आधी आतून काय वाहतं ते सांगा

कांदोळी-कळंगुटच्या किनाऱ्यालगत स्टेनलेस स्टीलचं रेलिंग बसवलं की काही पावसाळ्यांत त्यावर तपकिरी डाग उमटतात. फॅब्रिकेटरच्या नावाने बोटं मोडली जातात. खरं तर ३०४ जातीचं स्टील खाऱ्या वाऱ्यापुढे टिकतच नाही. क्रोमियम-ऑक्साइडचा अतिशय पातळ थर त्याला जपत असतो, आणि मिठातला क्लोराइड नेमका तोच फोडतो. ३१६ जातीत २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम हा धातू असतो, म्हणून ते जास्त तग धरतं.

पण तेही वाऱ्यापुरतंच. समुद्रातल्या तेलफलाटावर आग विझवायच्या पाइपांत समुद्राचंच पाणी असतं, आणि ते महिनोन् महिने साचून राहतं. तिथे ३१६ च्या व्हॉल्व्हलाही फटींमध्ये खड्डे पडतात. असे खड्डे कोणता धातू किती रोखेल हे ताडायला धातूतज्ज्ञ एक साधी बेरीज करतात: क्रोमियमची टक्केवारी, अधिक मॉलिब्डेनमच्या ३.३ पट, अधिक नायट्रोजनच्या १६ पट. ३१६ ची बेरीज २५ च्या आसपास येते, समुद्राच्या पाण्याला मात्र ४० तरी हवी. ती गाठतं २५ टक्के क्रोमियमचं सुपर डुप्लेक्स जातीचं स्टेनलेस स्टील. निकेल-अॅल्युमिनियम ब्राँझही इथे चांगलं चालतं.

खरी फसगत होते ती हायड्रोजन सल्फाइडमुळे. कुजक्या अंड्याच्या वासाचा हा वायू काही विहिरींतल्या तेलात आणि गॅसमध्ये असतो. पाण्याच्या सोबतीने तो पोलादाशी भिडला की पृष्ठभागावर हायड्रोजनचे सुटे अणू तयार होतात. एरवी त्यांच्या जोड्या जुळून बुडबुडे निघून गेले असते. सल्फाइड त्या जोड्या जुळू देत नाही, मग हे अणू धातूतच शिरतात. ताणाखाली असलेलं कठीण पोलाद अशा वेळी अचानक तडकतं. झिजून पातळ होण्याची आगाऊ सूचनाही मिळत नाही. म्हणजे जितकं कठीण, तितकं धोक्याचं! म्हणूनच नेस या गंजतज्ज्ञांच्या अमेरिकी संघटनेने १९७५ साली काढलेल्या मानकात (आता आयएसओ १५१५६) साध्या पोलादाच्या कठीणपणाला रॉकवेल सी मापावर साधारण २२ ची मर्यादा आहे. आणखी एक गंमत म्हणजे हे तडकणं सर्वात जास्त होतं ते उकळत्या गरमीत नव्हे, तर नेहमीच्या खोलीच्या तापमानाला.

अख्खा व्हॉल्व्ह महागड्या मिश्रधातूचा करायची गरज नसते. बॉडी साध्या पोलादाची ठेवून आतून इन्कोनेल ६२५ या निकेलच्या मिश्रधातूचा सुमारे ३ मिलिमीटरचा थर वेल्डिंगने चढवतात. व्हॉल्व्ह उघड-बंद करणाऱ्या दांड्याला ताकद हवी, तिथे इन्कोनेल ७१८ वापरतात. रबरी सील वेगळे निवडावे लागतात, तो स्वतंत्र विषय आहे.

गोव्यात तेलविहिरी नाहीत. बेतूलला ओएनजीसीची सुरक्षा-प्रशिक्षण संस्था आहे आणि वास्कोला इंधनाच्या टाक्या. टाकीतल्या स्वच्छ डिझेलला साध्या पोलादाचा व्हॉल्व्ह पुरतो. तिथे सुपर डुप्लेक्स मागवणं म्हणजे पैसे पाण्यात. हल्ला बाहेरून, खाऱ्या हवेकडून होतो, म्हणून खर्च रंगाच्या थरावर आणि बोल्टवर करावा. स्टेनलेसच्या बॉडीला साधे लोखंडी बोल्ट लावले तर दमट हवेत आधी बोल्टच खाल्ले जातात.