'व्हेअर इज ही' आणि 'व्हेअर ही इज': दोन्ही बरोबर, मग चूक कुठे होते?

मराठीत आपण विचारतो, "स्टेशन कुठे आहे?" आणि जरा अदबीनं विचारायचं तर त्यालाच शेपूट लावतो, "स्टेशन कुठे आहे सांगता का?" मूळ वाक्य हललं का? नाही. म्हणूनच आपल्या तोंडून सहज निघतं, "कॅन यू टेल मी व्हेअर इज द स्टेशन?" आणि समोरच्यालाही खटकत नाही कारण तोही तसंच बोलतो, मी स्वतः कित्येक वर्षं ऑफिसमधे "डू यू नो व्हेअर इज द फाइल" म्हणत होतो आणि फाइल मिळत पण होती.

इंग्रजीत मात्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. थेट प्रश्न असेल तर इज कर्त्याच्या आधी, "व्हेअर इज द स्टेशन?" पण तोच प्रश्न दुसऱ्या वाक्याच्या पोटात गेला की तो प्रश्न राहतच नाही, साधं विधान होतं, आणि इज परत कर्त्याच्या नंतर जातं, "कॅन यू टेल मी व्हेअर द स्टेशन इज?" उलटापालट व्हायची ती फक्त बाहेरच्या 'कॅन यू' मधे, एकदाच. बाहेरचं वाक्यच विधान असेल, म्हणजे "आय डोन्ट नो व्हेअर ही इज", तर शेवटी प्रश्नचिन्ह नाही, पूर्णविराम.

डज आणि डिडचं प्रकरण जास्त फसवं आहे. "व्हॉट टाइम डज द ट्रेन लीव्ह?" हे पोटात टाकलं की डज गायब होतं आणि त्याचा एस क्रियापदाला चिकटतो, "डू यू नो व्हॉट टाइम द ट्रेन लीव्ह्ज?" तसंच "व्हाय डिड शी लीव्ह?" चं "आय डोन्ट नो व्हाय शी लेफ्ट" होतं. आणि ट्रेन गेली 'का' यातला आपला शेवटचा 'का' इंग्रजीत इफ होऊन पुढे येऊन बसतो, "कॅन यू टेल मी इफ द ट्रेन हॅज लेफ्ट?"

आता कानाचा भाग, जो माझ्या मते नियम पाठ करण्यापेक्षा जास्त कामाचा आहे. भरभर बोलताना इज पूर्ण ऐकू येतच नाही, नुसता 'झ' उरतो (व्हॉट सारख्या शब्दानंतर 'स'), मग तो कुणाला चिकटलाय ते ऐकायचं. "व्हेअर्झ ही गोइंग?" झ व्हेअरला चिकटला, थेट प्रश्न. "आय नो व्हेअर हीझ गोइंग", झ ही ला चिकटला, पोटातला. आणि "आय नो व्हेअर ही इज" यात इज शेवटी आलं की ते आखूड होऊच शकत नाही, "व्हेअर हीझ" म्हणून वाक्य संपवता येत नाही, त्यामुळे तिथे इज स्वच्छ ऐकू येतं. डिड यू चं तर "डिजू" होतं, "व्हेअर डिजू गो?" हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं डिजू हे कुठल्यातरी गावाचं नाव आहे.

सरावासाठी बीबीसी लर्निंग इंग्लिशचं सिक्स मिनिट इंग्लिश घ्या, त्याची लिहिलेली प्रत साइटवर फुकट मिळते. ती आधी बघायची नाही! एक वाक्य ऐका, थांबवा, कागदावर लिहा, मग ताडून बघा. स्पीड कमी केला तरी झ चा इज होत नाही, फक्त झ लांबतो, म्हणून मी नॉर्मल स्पीडलाच तीनचारदा ऐकतो. नंतर प्रत्येक थेट प्रश्नाला "आय वंडर" लावून मोठ्यानं म्हणायचं, डोक्यात नाही, तोंडानं, कारण चूक तोंडाच्या सवयीची आहे.

फक्त एक खोच. "हू टोल्ड यू?" आणि "आय नो हू टोल्ड यू", किंवा "व्हॉट्स राँग?" आणि "टेल मी व्हॉट्स राँग", इथे काहीच हलत नाही कारण हू आणि व्हॉट स्वतःच कर्ता आहेत. इथे उगाच "टेल मी व्हॉट राँग इज" करू नका, मी केलंय.