कपबशीचा विटाळ आणि चहाची पुस्तके

नाशिकमधल्या आमच्या छोट्या वाचकमंडळाने पावसाळ्यातल्या बैठकांसाठी ‘चहा असलेली पुस्तके’ हा विषय ठरवला, तेव्हा प्रत्येकाच्या मनात खिडकी, पाऊस आणि गवती चहाचा वास असेच काहीसे होते. यादी करायला बसल्यावर मात्र ध्यानात आले, की ज्या पुस्तकांत चहाला खरोखर वजन आहे, त्यांत निवांतपणा फार थोडा आहे. चीन-जपानकडच्या पुस्तकांना चहा कसा करावा याची काळजी आहे आणि बंगाल-आसामकडच्या पुस्तकांना तो कोणाच्या हातांनी खुडला जातो याची. मराठी मुलखात मात्र चहा आधी कपात दिसला, मळ्यात नव्हे. त्यामुळे आपल्याकडचा जुना प्रश्न तो कोणाच्या कपातून प्यावा, हा आहे. हे टिपण त्या यादीमागचा इतिहास सांगण्यासाठी लिहिले आहे.

चहावरचा सर्वांत जुना प्रसिद्ध ग्रंथ म्हणजे चीनमधल्या लू यू याचा ‘चा जिंग’. आठव्या शतकात, तांग राजवटीच्या काळात लिहिलेल्या या ग्रंथाच्या दहा प्रकरणांत झाड, हत्यारे, भांडी, पाणी आणि उकळी यांचा काटेकोर विचार आहे. पाण्यात चिमूटभर मीठ लू यूला चालते; पण आले, पुदिना, संत्र्याची साल असले पदार्थ घालून उकळलेल्या चहाला तो गटारात ओतायच्या पाण्याची उपमा देतो. आमच्या मंडळातल्या निम्म्या लोकांनी हे ऐकूनच त्याला यादीतून काढायची सूचना केली होती. त्यानंतर एकदम विसाव्या शतकात यावे. ओकाकुरा काकुझो हा जपानी कलाचिंतक १९०१-०२ च्या सुमारास कलकत्त्यात ठाकूर कुटुंबाच्या सहवासात राहून गेला आणि १९०६ मध्ये त्याने पाश्चात्त्य वाचकांसाठी इंग्रजीतून ‘द बुक ऑफ टी’ हे जपानी चहाविधीवरचे पुस्तक लिहिले. हे पुस्तक वाचून भारावलेल्या माणसाच्या हाती लगेच कावाबाताची ‘थाउजंड क्रेन्स’ ही कादंबरी द्यावी, असे माझे मत आहे. त्याच चहाविधीच्या आडोशाने माणसे एकमेकांशी किती हीनपणे वागतात, ते तिच्यात आहे, आणि १९६८ च्या नोबेल व्याख्यानात खुद्द लेखकानेच आपली ही कादंबरी चहाविधीच्या सौंदर्याचे गुणगान नसल्याचे सांगितले आहे.

आपल्याकडे चहा इंग्रजांनी आणला, असे सरसकट म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. जॉन ओव्हिंग्टन हा इंग्रज पाद्री १६८९ मध्ये मायदेशाहून निघून सुरतेला आला होता. तिथले व्यापारी उकळत्या चहात मसाले आणि खडीसाखर घालून औषधासारखा घेतात, अशी नोंद त्याने केली आणि मायदेशी परतल्यावर १६९९ मध्ये चहावर स्वतंत्र निबंधही छापला. नाशिकहून सापुताऱ्याचा घाट उतरला की सुरत काही लांब नाही. म्हणजे मसाल्याचा चहा आपल्या शेजारी तीनशे वर्षांपूर्वीच उकळत होता. पण ती पाने चीनहून जहाजाने यायची आणि श्रीमंत पेढ्यांवरच राहायची.

पाने स्वस्त होण्याची सुरुवात आसामात झाली. सिंगफो लोकांना माहीत असलेल्या तिथल्या रानटी चहाची गोष्ट १८२३ मध्ये रॉबर्ट ब्रूस या स्कॉटिश व्यापाऱ्याच्या कानी आली, १८३३ च्या कायद्याने चीनच्या व्यापारातली कंपनीची मक्तेदारी संपली आणि १० जानेवारी १८३९ रोजी आसामी चहाच्या आठ पेट्यांचा लंडनमध्ये लिलाव झाला. पुढच्याच वर्षी, १८४० मध्ये, आपल्या नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयाची, म्हणजे सावानाची, स्थापना झाली. दोन्ही गोष्टींचा परस्परांशी काही संबंध नाही, पण सावानाच्या कपाटापुढे उभे राहून चहाची पुस्तके शोधताना हे सनावळीचे शेजार आठवल्याशिवाय राहत नाही.

मळे वाढले तसे मजूर लागले. दूरदूरच्या प्रांतांतून करारावर नेलेल्या या माणसांचे हाल बंगाली नाटककार दक्षिणाचरण चट्टोपाध्याय यांनी १८७५ च्या ‘चा-कर दर्पण’ या नाटकात मांडले. मळेवाल्यांची ही बदनामी सरकारला झोंबली आणि १८७६ च्या नाट्यप्रयोग नियंत्रण कायद्याचे समर्थन करताना याच नाटकाचा दाखला देण्यात आला. त्या कायद्याची झळ पुढे मराठी रंगभूमीलाही लागली. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद थिएटरात कलेक्टर जॅक्सनचा वध झाला आणि त्यानंतर काही आठवड्यांतच खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’वर बंदी आली. चहाच्या मळ्यावरच्या एका नाटकाने ज्या कायद्याला निमित्त पुरवले, तोच कायदा अखेर आपल्या दारापर्यंत आला. मळ्यांवरची पुढची ठळक कादंबरी मुल्कराज आनंद यांची ‘टू लीव्ह्ज अँड अ बड’ (१९३७). तिच्यात पंजाबातला एक शेतकरी आसामच्या मळ्यावर फसवून नेला जातो, गोऱ्या साहेबाच्या गोळीला बळी पडतो आणि ज्यूरी साहेबाला निर्दोष सोडते. कादंबरी म्हणून ती जागोजागी भाषणबाज होते, पण तिचे नाव, म्हणजे दोन पाने आणि एक कळी, हे खुडणीचे माप आहे, हे कळल्यावर चहापत्तीच्या पुड्याकडे पाहण्याची नजर बदलते.

मराठीतल्या चहाकडे वळताना आधी भांड्यांचा विचार करावा लागतो. धातूचे भांडे घासून, विस्तवावर धरून शुद्ध करता येते. चिनी मातीचा कप एकदा उष्टा झाला की सोवळ्याच्या हिशेबी कायमचाच बाद. माझी पंचवटीतली आजी अखेरपर्यंत चहा पितळी फुलपात्रातून घेत असे. फुलपात्र चटके देई, म्हणून ती ते पदराच्या दुहेरी घडीत धरून फुंकत बसायची, आणि कप दिला तर ‘तो तुमच्या पाहुण्यांना’ म्हणून बाजूला सारायची. नाशिकजवळच्या जलालपूरला जन्मलेल्या लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’त त्यांच्या वडिलांच्या सोवळ्याचे जे वर्णन आहे, ते वाचले की अशा घरांच्या उंबऱ्यावर चहाला किती काळ थांबावे लागले असेल, याची कल्पना येते.

याच वातावरणात १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये व्याख्यान झाले आणि त्यानंतर चहाबिस्किटे पुढे आली. मंडळींत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. काहींनी चहा घेतला, काहींनी पेला नुसता हातात घेऊन खाली ठेवला. हा प्रसंग जुळवून आणणारे गोपाळराव जोशी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान, यांनी नंतर हजर असलेल्यांची नावेच वर्तमानपत्रात छापून टाकली. ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचा वाद, उभे राहिले, शंकराचार्यांपर्यंत प्रकरण गेले, टिळकांनी काशीत प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले आणि रानड्यांनीही पुढे मित्रांखातर प्रायश्चित्त घेतले. रमाबाई रानडे यांच्या ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ (१९१०) या पुस्तकात ही हकीकत घरातून पाहिलेली आहे, आणि म्हणूनच आमच्या यादीत ते पहिले आहे. सार्वजनिक वादात जे तत्त्व वाटते, त्याची घरातल्या माणसांना काय किंमत मोजावी लागते, हे इतक्या शांत स्वरात दुसऱ्या कोणी लिहिलेले मला आठवत नाही.

विटाळाची भीती पुढे ओसरली ती केवळ सुधारकांमुळे नव्हे. १९०३ च्या कायद्याने चहाच्या निर्यातीवर उपकर बसला आणि त्या पैशांतून जाहिरात होऊ लागली. रेल्वे स्थानकांवर चहा कसा करावा, हे देशी भाषांतून सांगणाऱ्या पाट्या लागल्या. १९३० च्या दशकातल्या मंदीत परदेशी गिऱ्हाईक आटल्यावर हा प्रचार इथल्या गावागावांत नेण्यात आला. गांधीजींचा त्याला विरोध होता. १९४२ मध्ये आगाखान पॅलेसच्या कैदेत लिहिलेल्या ‘आरोग्याच्या गुरुकिल्ली’त त्यांनी चहातल्या टॅनिनवर टीका केली आहे. पाणी खरोखर उकळले आहे की नाही, हे रंगावरून कळावे म्हणून चीनमध्ये चहा आला असावा, ही त्यांनी दिलेली उपपत्ती मात्र मोठी गमतीची आहे. पुढे पाने चिरडून, फाडून, वळवणाऱ्या सीटीसी यंत्रातून निघणारी बारीक, कडक दाणेदार पत्ती आली, थोड्या पत्तीत जास्त कप होऊ लागले आणि एसटीच्या थांब्यावरचे हॉटेल गावाचे चव्हाटे झाले.

सोवळ्यातून सुटलेला कप तिथेही सर्वांसाठी सुटला नव्हता. शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’ (१९८४) या आत्मकथनात गावातल्या हॉटेलात दलितांसाठी वेगळी ठेवलेली कपबशी आहे, आणि शिकलेली पोरे त्याविरुद्ध पोलीस ठाण्यात तक्रार करायला जातात तो प्रसंगही आहे. मंडळाच्या बैठकीत रमाबाईंचे पुस्तक आणि हे पुस्तक एकाच दिवशी वाचायचे ठरले आहे. जपानी कादंबरी पुढच्या महिन्यावर गेली.