लशीनंतर पाय जड झाला: ताप की एमएसचा नवा अटॅक?

मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस (मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांचं आवरण खराब करणारा आजार) असलेल्या घरात फ्लूची लस टाळली जाते, तेव्हा मागे बरेचदा असा एखादा अनुभव असतो: लस घेतली, रात्री ताप आला, सकाळी उजवा पाय उचलेना, चालताना चप्पल निसटू लागली. 'लशीने अटॅक आणला' असं ठरतं आणि पुढची प्रत्येक लस नाकारली जाते. या भीतीला हसू नये, पाय खरंच चालत नव्हता. पण तो अटॅक होता का, हे बहुधा कुणी तपासलेलंच नसतं.

खरा अटॅक, म्हणजे रिलॅप्स, आला की मेंदूत, मज्जारज्जूत किंवा डोळ्याच्या नसेत नवी सूज येते आणि नसांवरचं मायलिनचं आवरण खराब होतं. त्रास काही तासांत किंवा दिवसांत वाढत जातो आणि अनेक दिवस, कधी आठवडे टिकतो. हा त्रास ताप किंवा संसर्ग नसताना किमान २४ तास सलग राहिला, तरच डॉक्टर त्याला रिलॅप्स म्हणतात.

दुसरा प्रकार आभासी रिलॅप्सचा. इथे नवं नुकसान काहीच नसतं. जुन्या अटॅकमध्ये आवरण गेलेली नस कशीबशी संदेश पोचवत असते. अंग तापलं की तेवढंही जमत नाही. शरीराचं तापमान अर्धा अंश सेल्सिअसने वाढलं तरी हे होऊ शकतं. व्यायामाने अंग तापल्यावर अशा रुग्णांची नजर अंधूक होते, हे जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म ऊटहोफ यांनी १८९०मध्ये नोंदवलं होतं. एमआरआय येण्यापूर्वी तर निदानासाठी रुग्णाला गरम पाण्याच्या टबात बसवून लक्षणं उमटतात का ते बघत. कडक पाण्याने आंघोळ केल्यावर किंवा मे महिन्याच्या दुपारी पाय जड होतो, त्यामागचं कारणही हेच. 'आभासी' म्हणजे रुग्ण नाटक करतो असा अर्थ घरच्यांनी कृपा करून काढू नये.

म्हणून लस घेताना घरात थर्मामीटर हवाच. लशीचा ताप बहुधा पहिल्या दिवसात येतो आणि एक-दोन दिवसांत उतरतो. दर सहा तासांनी ताप लिहा आणि शेजारी पायाची स्थिती: जिना चढता आला का, चप्पल निसटली का. ताप आल्यास डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत पॅरासिटामोल, भरपूर पाणी, पंखा. तापाबरोबर जुनीच तक्रार वाढली आणि ताप उतरल्यावर ओसरली, तर तो अटॅक नव्हे. ताप नसताना त्रास २४ तासांहून जास्त टिकला किंवा तक्रार अगदी नवी असेल, तर न्यूरॉलॉजिस्टना कळवा. डोळा हलवताना दुखत असेल, तर एकेक डोळा झाकून बाटलीचं लाल झाकण बघा; एका डोळ्याला लाल फिका दिसला तर त्याच दिवशी दाखवा. लघवी अडली तरी थांबू नका.

आणि स्टेरॉइडची घाई नको. खऱ्या अटॅकला मिथाइलप्रेडनिसोलोन सहसा रोज १ ग्रॅम, ३ ते ५ दिवस देतात. आभासी रिलॅप्समध्ये त्याचा उपयोग नाही. उलट साखर वाढते आणि लपलेला संसर्ग बळावतो. हा संसर्ग पुष्कळदा लघवीचा असतो, म्हणून आधी लघवीची तपासणी.

लशीमुळे खरा अटॅक येतो का, ही शंका जुनी आहे. याच धास्तीपोटी फ्रान्सने १९९८मध्ये शाळांमधली हिपॅटायटिस-बी लसीकरण मोहीम थांबवली. पुढे २००१मध्ये रिलॅप्स आलेल्या ६४३ युरोपीय रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा लशीनंतरच्या दोन महिन्यांत रिलॅप्सचा धोका वाढलेला आढळला नाही. फ्लू झाला, तर मात्र त्या संसर्गानेच खरा अटॅक येऊ शकतो.

सावधगिरी हवी ती वेगळ्या ठिकाणी. रिटुक्सिमॅब, ओक्रेलिझुमॅब किंवा फिंगोलिमॉड ही प्रतिकारशक्ती दाबणारी एमएसची औषधं चालू असताना गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या, पीतज्वर या जिवंत (दुबळे केलेले जिवंत विषाणू असलेल्या) लशी टाळतात. फ्लूची टोचून घ्यायची लस निर्जीव असते, तिचा प्रश्न सुरक्षिततेचा नसून वेळेचा आहे: रिटुक्सिमॅबच्या सलाइननंतर लगेच घेतली तर अँटिबॉडी नीट तयार होत नाहीत. औषध सुरू व्हायचं असेल तर शक्यतो आधी लस, दोन ते चार आठवडे अंतर ठेवून. चालू असेल तर पुढच्या डोसच्या चार-सहा आठवडे अगोदर. खरा अटॅक चालू असताना मात्र लस थोडी पुढे ढकलतात.