कर्करोगाच्या चाचणीला पैसा कोण मंजूर करतं?

कर्करोगावरच्या नव्या औषधाची बातमी येते तेव्हा त्या चाचणीत किती रुग्ण होते आणि त्यातले किती जगले, याचे आकडे आपण वाचतो. पण सरकारी किंवा धर्मादाय पैशावर चालणारी चाचणी त्याआधी एका वेगळ्याच परीक्षेला बसलेली असते. पहिला रुग्ण दाखल होण्याच्या कितीतरी आधी तिचा प्रस्ताव त्याच क्षेत्रातल्या इतर तज्ज्ञांपुढे जातो आणि तिला पैसा द्यावा की नाही, हे ते सांगतात. यालाच पीअर रिव्ह्यू म्हणतात.

अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेची पद्धत बरीच प्रसिद्ध आहे. साधारणपणे तीन परीक्षक प्रत्येक अर्ज बारकाईने वाचून 1 ते 9 यांदरम्यान गुण देतात. इथे 1 म्हणजे सर्वोत्तम, त्यामुळे आपल्याला शाळेपासून लागलेली सवय उलटी करावी लागते. साधारण खालचे निम्मे अर्ज बैठकीत चर्चेलाच येत नाहीत. उरलेल्यांवर चर्चा झाली की सगळी समिती गुण देते आणि त्यांच्या सरासरीला 10 ने गुणून अंतिम आकडा निघतो. अर्जदाराशी ज्याचे हितसंबंध आहेत, त्या परीक्षकाला तेवढ्या वेळापुरतं बाहेर जावं लागतं. त्यानंतर सल्लागार मंडळाची दुसरी पायरी असते.

प्रयोगशाळेतलं संशोधन आणि माणसांवरची चाचणी यांच्या परीक्षणात मात्र मोठा फरक आहे. पेशींवरचा प्रयोग फसला तर पैसा आणि वेळ जातो. चाचणी चुकीची आखली तर शेकडो आजारी माणसांनी स्वतःहून पत्करलेली जोखीम वाया जाते. म्हणून अशा प्रस्तावात कल्पना किती चमकदार आहे याहून खडूस प्रश्न महत्त्वाचे ठरतात. तुलना कोणत्या उपचाराशी करणार? आजच्या उत्तम उपचाराशी, की सहज हरवता येईल अशा जुन्या औषधाशी? यश कशात मोजणार? रुग्ण अधिक काळ जगला यात, की स्कॅनवर गाठ काही आठवडे वाढली नाही यात? आणि समितीतला संख्याशास्त्रज्ञ ज्यावर अडून बसतो तो प्रश्न: रुग्ण किती लागतील?

समजा, सध्याच्या उपचारावर 100 पैकी 40 रुग्ण दोन वर्षांनी जिवंत असतात आणि नव्या औषधाने 50 जगतील अशी आशा आहे. नेहमीच्या निकषांनी हिशेब केला, तर हा फरक खात्रीने दाखवायला दोन्ही गट मिळून जवळपास पावणेआठशे रुग्ण लागतात. अर्जदाराने 60 जगतील असा दावा केला, तर दोनशेच्या आत काम भागतं. दावा जितका मोठा, तितकी चाचणी छोटी, स्वस्त आणि मंजुरीला सोपी. मोह कुठे आहे ते लगेच दिसतं. पण प्रत्यक्षात औषध 50 जणांनाच वाचवणारं असेल, तर दोनशे रुग्णांच्या चाचणीत ते बहुधा निरुपयोगी ठरेल आणि एक चांगलं औषध कचऱ्यात जाईल. अनुभवी परीक्षक म्हणूनच ‘60 हा आकडा आणला कुठून?’ असं विचारतो. माझ्या मते अख्ख्या परीक्षणातला हा सगळ्यात मोलाचा प्रश्न आहे.

शिवाय कागदावरचे पावणेआठशे रुग्ण प्रत्यक्षात यायला हवेत. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणानुसार प्रौढांच्या कर्करोग चाचण्यांपैकी सुमारे 20 टक्के पूर्णच झाल्या नाहीत आणि त्याचं सर्वांत मोठं कारण पुरेसे रुग्ण न मिळणं हे होतं. केमोथेरपीने थकलेला माणूस जादा बायोप्सीसाठी पुन्हापुन्हा येईल का, हे डॉक्टरपेक्षा त्यातून गेलेल्या व्यक्तीला जास्त कळतं. अमेरिकी संरक्षण खात्याचा स्तन-कर्करोग संशोधन कार्यक्रम 1992 मध्ये रुग्ण चळवळीच्या रेट्यातून सुरू झाला. त्यात शास्त्रज्ञांच्या शेजारी कर्करोगातून गेलेल्या व्यक्ती बसतात आणि त्यांचं मत शास्त्रज्ञांइतकंच मोजलं जातं. हे निव्वळ सौजन्य नाही. त्यामुळे चाचणीचा आराखडा सुधारतो.

मग हे परीक्षण किती भरवशाचं? इथे चित्र थोडं अवघड आहे. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या संशोधकांनी कर्करोगविषयक 25 खरे अर्ज घेतले, 43 परीक्षक बोलावले आणि एनआयएचसारख्याच बैठका भरवल्या. 2018 मध्ये आलेला निष्कर्ष असा: एकाच अर्जाला दोन परीक्षकांनी दिलेले गुण एकमेकांपासून जितके लांब होते, तितकेच दोन वेगळ्या अर्जांचे गुणही होते. म्हणजे सहमती जवळजवळ नव्हतीच. एक गोष्ट मात्र ध्यानात घ्यायला हवी. त्या 25 पैकी प्रत्येक अर्जाला आधी किंवा सुधारणेनंतर अनुदान मिळालेलं होतं. थोडक्यात, सगळेच चांगले होते. उत्तमांतून अत्युत्तम निवडता येत नाही, एवढं या अभ्यासाने दाखवलं. टाकाऊ अर्ज ओळखता येत नाहीत, असं त्यातून निघत नाही. न्यूझीलंडच्या आरोग्य संशोधन मंडळाने 2013 पासून काही छोट्या, धाडसी कल्पनांसाठी हीच मर्यादा मान्य केली: पात्र प्रस्ताव वेगळे काढायचे आणि त्यांतून चिठ्ठ्या टाकायच्या.

परीक्षण वगळलं तर काय होतं, हे टेक्ससमध्ये दिसलं. 2007 साली तिथल्या मतदारांनी कर्करोग संशोधनासाठी 3 अब्ज डॉलर उभारायला मान्यता दिली आणि त्यासाठी सिप्रिट ही संस्था स्थापन झाली. 2012 मध्ये तिथे सुमारे 2 कोटी डॉलरचा एक प्रकल्प वैज्ञानिक परीक्षणाविनाच मंजूर झाला. संस्थेचे मुख्य वैज्ञानिक अधिकारी, नोबेल विजेते आल्फ्रेड गिलमन यांनी राजीनामा दिला. पाठोपाठ दुसरे नोबेल विजेते फिलिप शार्प यांच्यासह बरेच परीक्षक बाहेर पडले. पुढे उघड झालं की 2010 मध्ये पेलोटॉन या कंपनीलाही 1 कोटी 10 लाख डॉलर योग्य परीक्षणाविना मिळाले होते. नवी अनुदानं काही महिने गोठवली गेली आणि 2013 मध्ये कायद्याने नियम कडक झाले.

गंमत अशी की त्याच पेलोटॉनने विकसित केलेलं बेल्झुटिफान हे औषध 2021 मध्ये एका आनुवंशिक आजारातल्या मूत्रपिंडाच्या आणि इतर गाठींसाठी मंजूर झालं. मग परीक्षण नव्हतं तेच बरं झालं म्हणायचं का? मला तसं वाटत नाही. हाच अर्ज नीट तपासला गेला असता तर नापास झाला असता, असं मानायला काहीच आधार नाही. त्यामागचं प्रयोगशाळेतलं विज्ञान भक्कम होतं. शिवाय एका यशावरून पद्धत तोलायची, तर अशाच वाटेने गेलेला आणि कुठेच न पोचलेला पैसाही मोजावा लागेल. टेक्ससच्या मतदारांनी 2019 मध्ये आणखी 3 अब्ज डॉलर मंजूर केले. सिप्रिटच्या अर्जांचे वैज्ञानिक परीक्षक मात्र आजही टेक्ससच्या बाहेरचेच असतात.