महामारीकाळातील लघुव्यवसाय अर्थसाहाय्य

साथरोगामुळे व्यवहार बंद पडले किंवा गिऱ्हाईक आटले, की छोट्या धंद्यांना तग धरता यावा म्हणून सरकार, बँका, स्थानिक स्वराज्य संस्था, विमा कंपन्या आणि खासगी देणगीदार जी आर्थिक मदत देतात ती, आणि ती मदत धंदेवाल्याला शोधून, अर्ज करून, पदरात पाडून देण्याचे काम, असे या विषयाचे दोन भाग आहेत. पहिल्यावर भरपूर लिहिले गेले आहे. दुसरा बहुतेक वेळा तळटीपेत जातो, आणि तिथेच गोम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी कोविड-१९ ही महामारी असल्याचे जाहीर केले, आणि त्यानंतरच्या काही आठवड्यांत बहुतेक मोठ्या अर्थव्यवस्थांनी तिजोऱ्या खुल्या केल्या. पैसा कमी पडला असे क्वचितच झाले. तो कोणाच्या हाती गेला हे मात्र धंद्याचे नुकसान किती यापेक्षा कागद, खाते आणि बँकेतली ओळख यांवर ठरत गेले.

छोट्या धंद्याचा जीव खेळत्या भांडवलात असतो. जेपी मॉर्गन चेस इन्स्टिट्यूटने २०१६ मध्ये सुमारे सहा लाख अमेरिकी लघुव्यवसायांची खाती तपासली, तेव्हा रोकडीच्या क्रमाने लावल्यास बरोबर मध्यावर येणाऱ्या धंद्याकडे आवक पूर्ण थांबली तर २७ दिवस पुरेल इतकीच रोकड निघाली. म्हणजे निम्म्या धंद्यांकडे त्याहूनही कमी. भाडे, पगार, कर्जाचा हप्ता आणि वीजबिल मात्र टाळेबंदी ओळखत नाहीत. त्यात सेवा देणाऱ्यांचे दुखणे वेगळे: न विकलेला कपाट-खुर्चीचा माल पुढच्या महिन्यात विकता येतो, पण रिकामा गेलेला सलूनचा दिवस पुन्हा विकता येत नाही. म्हणून बुडालेल्या विक्रीवर कर्ज हा उतारा किती चालतो, हा वाद पहिल्या दिवसापासून होता.

मदतीचे प्रकार

सगळ्यात सरळ प्रकार म्हणजे परत न करायचे अनुदान. जपानने मे २०२० पासून, ज्यांची एखाद्या महिन्याची विक्री आदल्या वर्षीच्या त्याच महिन्याच्या तुलनेत निम्म्याने किंवा अधिक घटली होती, अशा लघु व मध्यम कंपन्यांना २० लाख येनपर्यंत आणि एकट्याने धंदा करणाऱ्यांना १० लाख येनपर्यंत दिले. जर्मनीत पाचपर्यंत कर्मचारी असलेल्यांना ९,००० युरो, दहापर्यंत असलेल्यांना १५,००० युरो अशी तातडीची मदत होती. ब्रिटनने स्थानिक परिषदांमार्फत छोट्या जागाधारकांना १०,००० पौंड वाटले. परिषदेकडे मालमत्ता कराची यादी आधीपासूनच होती, म्हणून ते जमले. ज्याला स्वतंत्र जागाच नव्हती, दुसऱ्याच्या कार्यालयातले एक टेबल भाड्याने घेऊन जो बसत होता, तो त्या यादीत नव्हता.

दुसरा प्रकार सरकारी हमीवरच्या कर्जांचा. ब्रिटनची बाउन्स बॅक कर्जे ४ मे २०२० रोजी सुरू झाली: ५०,००० पौंडांपर्यंत, शंभर टक्के सरकारी हमी, पहिले वर्ष हप्ता नाही, त्यानंतर अडीच टक्के व्याज. अर्जदाराने स्वतःच पात्रता घोषित करायची असल्याने पैसे चटकन हाती आले, एकूण सुमारे ४७ अब्ज पौंड. भारताची आपत्कालीन पतहमी योजना १३ मे २०२० रोजी तीन लाख कोटी रुपयांची जाहीर झाली. २९ फेब्रुवारी २०२० रोजी असलेल्या थकीत कर्जाच्या २० टक्क्यांपर्यंत जादा कर्ज, तेही बँकेने आपण होऊन पुढे करायचे. कर्जदाराला अर्ज घेऊन हिंडावे लागू नये ही कल्पना उत्तम होती, पण तिचा लाभ ज्याच्या नावावर आधीच कर्ज होते त्यालाच. आयुष्यभर उधारी-उसनवारीवर, बँकेच्या बाहेर धंदा चालवणाऱ्याच्या शून्याचे २० टक्के शून्यच.

हप्ते पुढे ढकलणे हा तिसरा प्रकार. तो मदतीसारखा दिसतो आणि काही अंशी असतोही. रिझर्व्ह बँकेने १ मार्च ते ३१ ऑगस्ट २०२० अशी सहा महिन्यांची सवलत दिली, पण त्या काळात व्याज चढतच राहिले. व्याजावरचे व्याज घ्यायचे की नाही हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २३ मार्च २०२१ च्या निकालाने, त्या मुदतीतले चक्रवाढ व दंडव्याज कोणाकडूनही घेऊ नये, असे ठरले.

पगाराला हातभार, करमाफी, विक्री करात मुदतवाढ हे प्रकारही सर्वत्र दिसले. भाड्याच्या मदतीबाबत कॅनडाचा अनुभव मोलाचा आहे. तिथल्या पहिल्या योजनेत अर्ज भाडेकरूने नव्हे, जागामालकाने करायचा होता आणि भाड्याचा काही भाग सोडायचा होता. अनेक मालकांनी अर्जच केला नाही, आणि दुकानदार पात्र असूनही हात चोळत बसले. २०२० च्या शरद ऋतूत योजना बदलून पैसे थेट भाडेकरूला देणे सुरू झाले. मदत ज्याला हवी, अर्जही त्याच्याच हातात असावा, इतकी साधी गोष्ट शिकायला सहा महिने गेले.

घोडे कुठे अडले

पगारावर खर्च केल्यास माफ होणारे कर्ज देणाऱ्या अमेरिकेच्या पगार-संरक्षण कार्यक्रमाचा इतिहास या बाबतीत सर्वात बोलका आहे. २७ मार्च २०२० च्या कायद्याने ३४९ अब्ज डॉलर मंजूर झाले, ३ एप्रिलला अर्ज सुरू झाले आणि १६ एप्रिलला पैसे संपले. आधी येईल त्याला आधी, हा नियम वरवर निःपक्षपाती वाटतो. पण बँका आधी आपल्याच जुन्या, मोठ्या खातेदारांचे अर्ज पुढे सरकवू लागल्या, कारण त्यांची कागदपत्रे तपासलेली होती. शेक शॅकसारख्या, शेअर बाजारात नोंदलेल्या उपाहारगृह साखळीला एक कोटी डॉलर मिळाले आणि ओरड झाल्यावर तिने ते परत केले. एकट्याने धंदा करणाऱ्यांना तर अर्ज करायला १० एप्रिलपर्यंत थांबावे लागले होते, म्हणजे त्यांच्या वाट्याला जेमतेम सहा दिवस. दुसऱ्या हप्त्यात छोट्या बँका व पतसंस्थांसाठी ६० अब्ज डॉलर वेगळे राखून ठेवले गेले.

यापेक्षा खोल अडचण हिशेबाच्या सूत्रात होती. एकट्या धंदेवाल्याचे कर्ज त्याच्या कर-विवरणपत्रातल्या निव्वळ नफ्यावर ठरे: वर्षाचा नफा भागिले बारा, गुणिले अडीच. समजा वर्षाची जमा ६०,००० डॉलर, खर्च वजा जाता नफा ६,०००. महिन्याला पडले ५००, आणि कर्ज १,२५० डॉलर. कर वाचवण्यासाठी प्रत्येक खर्च नीट दाखवणारा, किंवा खरोखरच तोट्यात असलेला माणूस, या सूत्राने जवळपास बाद होत होता. मार्च २०२१ मध्ये नियम बदलून नफ्याऐवजी एकूण जमा धरायला परवानगी मिळाली. त्याच माणसाला आता १२,५०० डॉलर मिळू शकत होते. मात्र ज्यांनी आधीच जुन्या सूत्राने कर्ज घेतले होते त्यांना मागे जाऊन ते वाढवून घेता येईना. ज्याला एखाद्या जाणत्याने वेळेवर सांगितले की थोडे थांब, त्याचा दहापट फायदा झाला. ज्याने घाई केली तो १,२५० वरच राहिला.

कॅनडात अडसर खात्याचा होता. आपत्कालीन कर्जासाठी धंद्याच्या नावाचे बँक खाते लागे, आणि असंख्य छोटे व्यावसायिक वैयक्तिक खात्यातूनच सारे व्यवहार करत होते. ब्रिटनने स्वयंरोजगारितांना सरासरी नफ्याच्या ८० टक्के दिले, तेही करखात्याने स्वतःच्या नोंदींवरून पात्रता काढून. पण ज्यांनी २०१९ च्या एप्रिलनंतर धंदा सुरू केला त्यांचे २०१८-१९ चे विवरणपत्र नव्हते, म्हणून पहिल्या हप्त्यांतून ते वगळले गेले. नव्याने धंद्यात उतरलेला आणि अंगावर सर्वात जास्त कर्ज असलेला माणूस बहुधा एकच असतो, हे योजनेला कळत नाही.

नोंदणीच नसलेल्यांचा प्रश्न आणखी अवघड. भारतात १ जून २०२० पासून पथविक्रेत्यांना १०,००० रुपयांचे बिनतारण कर्ज देणारी पीएम स्वनिधी योजना आली. विक्रेत्याकडे ओळखपत्र किंवा विक्री प्रमाणपत्र हवे होते. शहराच्या सर्वेक्षणातून सुटलेल्यांसाठी नागरी संस्थेच्या शिफारसपत्राची सोय ठेवावी लागली. टोगोने एप्रिल २०२० मध्ये वेगळी वाट धरली: साध्या मोबाइलवरून नोंदणी, मतदार यादीशी पडताळणी, आणि अनौपचारिक कामगारांच्या फोनवर थेट पैसे. स्मार्टफोन किंवा इंटरनेट लागले नाही. मतदार यादीत नाव मात्र लागलेच. कुठली ना कुठली यादी प्रत्येक योजनेच्या दाराशी उभी असते.

शोधून देणारे हात

मदत आहे हे कळणे, आपण तीत बसतो का हे समजणे, आणि अर्ज न फेटाळता पार पडणे, या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. पहिली जाहिरातीने भागते. उरलेल्या दोहोंसाठी शेजारी बसणारे कोणी तरी लागते. हे काम व्यापारी संघटना, पतसंस्था, ग्रंथालये, महाविद्यालयांतील व्यवसाय केंद्रे, कर सल्लागार आणि निवृत्त लेखापाल यांनी केले, बहुधा फुकट.

मदतनीसाच्या टेबलावर घडते ते असे. समोरच्याकडे हिशेबाची वही असते किंवा नसते. घरखर्च आणि धंद्याचा खर्च एकाच खात्यात मिसळलेला असतो. मदतनीस आधी बारा महिन्यांचे खातेउतारे मागतो, पुरवठादारांची बिले आणि भाड्याच्या पावत्या जुळवतो, आणि त्यावरून महिनावार उलाढालीचा तक्ता बनवतो. घट मोजताना कोणता महिना कोणत्या महिन्याशी ताडायचा हे योजनेगणिक बदलते. हंगामी धंद्यात चुकीचा महिना धरला तर निम्म्याने घटलेली विक्री कागदावर वाढलेली दिसते. मग नावाची पडताळणी: ओळखपत्रावर एक नाव, परवान्यावर दुसरे, बँकेत आद्याक्षरे. अर्ज फेटाळण्याची कारणे पाहिली तर मोठी फसवणूक क्वचित आणि असल्या किरकोळ तफावती पदोपदी आढळतात. शिवाय भाषा. परकीय भाषेतल्या अर्जावर सही करायला भिणारा माणूस पात्र असूनही घरी बसतो.

सरकारांनी या मधल्या माणसाला दिलेली जागा देशागणिक अगदी उलट होती. जर्मनीने पुढच्या टप्प्यातली स्थिर खर्चाची मदत कर सल्लागार किंवा लेखापरीक्षकामार्फतच अर्ज केल्यास देऊ केली, आणि त्याची फी मदतीत धरली. ब्रिटनच्या स्वयंरोजगार योजनेत मात्र सल्लागाराला अशिलाच्या वतीने दावा करायलाच मनाई होती, ज्याचा त्याने करायचा. पहिल्या पद्धतीत गैरप्रकार आटोक्यात राहतात पण वेळ जातो. दुसऱ्या पद्धतीत वेग येतो पण संगणकाशी सवय नसलेला मागे पडतो. अमेरिकेने मार्च २०२१ च्या कायद्यात अशा वाटाड्या संस्थांसाठी दहा कोटी डॉलर ठेवले. कल्पना चांगली: एक मोठी संस्था मध्यभागी, भोवती वस्तीतल्या विश्वासाच्या छोट्या संस्था. पण ५१ संस्थांची निवड ऑक्टोबर २०२१ मध्ये झाली, आणि पगार-संरक्षण कर्जांचे अर्ज ३१ मे रोजीच बंद झाले होते. वरातीमागून घोडे म्हणतात ते हेच.

भामट्यांनाही ही गर्दी आवडते. एप्रिल २०२० मध्ये जर्मनीच्या नॉर्थ राइन-वेस्टफालिया राज्याला तातडीच्या मदतीचे वाटप काही दिवस थांबवावे लागले, कारण सरकारी संकेतस्थळाची हुबेहूब नक्कल करून अर्जदारांची माहिती चोरली जात होती. मंजुरीआधी टक्केवारी मागणारा दलाल आणि अनोळखी दुव्यावर बँक तपशील मागणारा संदेश, या दोन खुणा सर्व देशांत सारख्याच होत्या.

विमा

धंदा खंडित झाल्याचा विमा अनेकांकडे होता आणि तो साथीला लागू होतो का, यावर जगभर खटले झाले. बहुतेक करारांत जागेचे प्रत्यक्ष नुकसान व्हावे अशी अट असते. ब्रिटनमध्ये काही करारांत रोगप्रादुर्भाव किंवा सरकारी बंदी यांची स्वतंत्र कलमे होती. वित्तीय नियंत्रकाने नमुना खटला चालवला आणि १५ जानेवारी २०२१ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने बव्हंशी विमाधारकांच्या बाजूने कौल दिला. मदतनीसाने विम्याची पॉलिसी उघडून वाचणे म्हणूनच वेळेचा अपव्यय ठरत नाही, जरी उत्तर बहुतेकदा नकारार्थी येत असले तरी.

मदत मिळाल्यानंतर

पैसे खात्यात आले की काम संपते असा समज अनेकांना महागात पडला. अमेरिकेत कर्ज माफ व्हायचे तर किमान ६० टक्के रक्कम पगारावर खर्च झाल्याचे दाखवावे लागे. छोट्या कर्जांसाठी पुढे एका पानाचा सोपा अर्ज आला, तरी कागद सहा वर्षे जपण्याची अट राहिली. या कार्यक्रमाच्या परिणामांवरही टीका झाली. अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड ऑटर व सहकाऱ्यांच्या अंदाजानुसार, अन्यथा ज्यांची नोकरी गेली असती अशा कामगारांपर्यंत एकूण रकमेपैकी फक्त २३ ते ३४ टक्केच पोचले. जर्मनीत तातडीची मदत घेतलेल्यांना नंतर प्रत्यक्ष तूट किती झाली याचा हिशेब मागण्यात आला, जादा रकमेची वसुली सुरू झाली आणि प्रकरणे प्रशासकीय न्यायालयांत गेली. कॅनडाच्या कर्जाचा काही भाग माफ होण्यासाठी उरलेली रक्कम मुदतीत फेडायची होती. ती मुदत दोनदा वाढून १८ जानेवारी २०२४ वर आली. त्यानंतर माफी गेली आणि संपूर्ण रक्कम व्याजासह कर्ज म्हणून उरली. अमेरिकेने ऑगस्ट २०२२ मध्ये पगार-संरक्षण कर्जांतील फसवणुकीचा खटला भरण्याची मुदत दहा वर्षांपर्यंत नेली.