घर दान, ताबा मात्र हयातीपर्यंत

राहतं घर एखाद्या सेवाभावी संस्थेच्या नावे आजच करून द्यायचं आणि शेवटपर्यंत तिथेच राहायचं, ही सोय आज अनेक देशांत आहे. ती सहजासहजी मिळालेली नाही. देणारा घर सोडतच नसेल, तर त्याने दिलं तरी काय, या प्रश्नावर शतकानुशतकं वाद झाला.

मालकी एकाची आणि हयातभर वापर दुसऱ्याचा, ही विभागणी रोमन कायद्यात रुळलेली होती. वापरणाऱ्याने वास्तू राखायची, तिचं मूळ रूप बदलायचं नाही. तो गेला की हक्क संपला. अशा हक्काचं मोल ठरवण्यासाठी कायदेपंडित उल्पियन यांच्या नावावर एक तक्ताच आहे. वापरणारा विशीच्या आतला असेल तर ३० वर्षांचा उपभोग धरायचा, साठी ओलांडलेला असेल तर ५ वर्षांचा.

आठव्या-नवव्या शतकांत फ्रँक राज्यात, म्हणजे आजच्या फ्रान्स-जर्मनीच्या भागात, लोक जमीनजुमला मठाला देत आणि थोडासा खंड भरून तोच हयातीपर्यंत स्वतःकडे ठेवत. इस्लामी कायद्यात त्याच सुमारास हाच पेच वक्फाबाबत, म्हणजे धर्मादायासाठी कायमच्या वाहिलेल्या मालमत्तेबाबत, उभा होता. वक्फ करणाऱ्याला हयातीत त्याचा लाभ स्वतःकडे राखता येतो, असं हनफी या इस्लामी कायद्याच्या परंपरेतले अबू युसुफ म्हणत. त्यांच्याच परंपरेतले मुहम्मद अश-शैबानी यांना ते मान्य नव्हतं.

सर्वांत कडक भूमिका घेतली ती इंग्लंडने. मरणाच्या दारात असलेली माणसं धर्मादायाला जमिनी देऊन टाकतात आणि वारस उघडे पडतात, ही भीती तिथल्या संसदेला होती. म्हणून १७३६ च्या कायद्याने धर्मादायाला जमीन किंवा घर मृत्युपत्राने देणंच बंद केलं. द्यायचं असेल तर मृत्यूच्या किमान १२ महिने आधी, दोन साक्षीदारांसमोर दस्त करून, सहा महिन्यांत त्याची नोंद करून. शिवाय दान तत्काळ अमलात यायला हवं आणि देणाऱ्याने स्वतःसाठी कोणताही हक्क राखता कामा नये. म्हणजे हयातीपर्यंत राहण्याची अट घातली की दानच रद्द! वारसांची काळजी रास्त होती, पण ज्याला एकच घर आहे आणि जायला दुसरी जागा नाही, अशा माणसाला या कायद्याने दान करण्यापासूनच तोडलं, असं मला वाटतं. हे निर्बंध टप्प्याटप्प्याने सैल होत १९६० मध्ये संपले.

त्याआधीच, नॅशनल ट्रस्ट या वारसावास्तू जपणाऱ्या संस्थेसाठीच्या १९३७ च्या कायद्यानंतर, तिथली जुनी घराणी आपल्या हवेल्या ट्रस्टला देऊन तिथेच राहू लागली होती. सर चार्ल्स ट्रेव्हेलियन यांनी नॉर्दम्बरलँडमधली वॉलिंग्टन ही हवेली १९४१ मध्ये दिली आणि १९५८ मध्ये मृत्यू होईपर्यंत ते तिथेच राहिले.

अमेरिकेत १९६९ च्या करसुधारणेने मालमत्तेतला अर्धामुर्धा हक्क दान करून सवलत घेण्याला बराच आळा घातला. राहतं घर आणि शेत मात्र अपवाद म्हणून राखलं. सवलत घराच्या पूर्ण किमतीवर मिळत नाही. दात्याचं वय आणि व्याजदर पाहून, त्याच्या पश्चात संस्थेच्या हाती येणाऱ्या हक्काचं आजचं मोल काढलं जातं. उल्पियन यांच्या तक्त्यामागचा हिशेब याहून फार वेगळा नव्हता.

भारतात १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार स्थावराच्या बक्षीसपत्रावर देणाऱ्याची सही, दोन साक्षीदार आणि नोंदणी लागते. तरीही ताबा दिला नाही तर बक्षीस पुरं होतं का, हा वाद न्यायालयांत रेंगाळत राहिला. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये तो मिटवला: हयातीपर्यंतचा उपभोग राखूनही नोंदणीकृत बक्षीसपत्र वैध ठरतं. खटला संस्थेचा नव्हता, व्यक्तीला दिलेल्या बक्षिसाचा होता. देणाऱ्याने पुढे ते रद्द करायचा दस्तही केला होता, पण तो टिकला नाही. हे दान परत घेता येत नाही, याचा विचार सही करण्याआधीच व्हायला हवा. दुरुस्ती, घरपट्टी, विमा कोणाकडे आणि उद्या दात्याला ते घर सोडून इतरत्र राहावं लागलं तर काय, हेही दस्तातच लिहून घ्यावं.